पांढरा प्लग

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात माणसं दोन होती आणि आवाज करणारा फक्त स्टोव्ह. आई बार्शीला ताईच्या बाळंतपणासाठी गेली होती. मागं राहिलो अण्णा आणि मी. येरमाळ्याच्या गुरांच्या दवाखान्यामागं पत्र्याच्या दोन खोल्या, हेच आमचं सरकारी घर. सकाळी अण्णा स्टोव्हला पंप मारायचे, त्याची फुरफुर सुरू झाली की मी उठायचो. रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी तेच थापत, कारण मला थापता येत नसत. मिलोचं पीठ तुटतं, कडेला भेगा पडतात. ते बोटं ओली करून त्या भेगा जुळवत बसायचे, जखमी जनावराचं कातडं शिवावं तशा. भाकरी, ठेचा, कधी हुलग्याचं पातळ माडगं. ताट माझ्यापुढं सरकवायचे आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून जेवायचे. बाहेर सडकेवर एसटी थांबायची, कंडक्टर घंटी मारायचा, एसटी जायची. मग पुन्हा पत्रा तापल्याचा कटकट आवाज तेवढा राही.

अण्णा पशुधन पर्यवेक्षक होते. लोक त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत आणि ते दर वेळी सुधारत, "डॉक्टर न्हाई, पर्यवेक्षक." खोटं मोठेपण त्यांना अंगावर बसलेल्या माशीसारखं वाटायचं. धर्मांतरानंतरच्या वर्षांत ते आमच्या वस्तीतले पहिले वाचणारे. सभांमध्ये वाटलेली पत्रकं त्यांनी एका ट्रंकेत कडुनिंबाचा पाला घालून जपली होती. रविवारी हात धुऊन ते एकेक काढत आणि ओसरीवर जमलेल्या बायाबापड्यांना वाचून दाखवत. छापील कागदावर चुकून पाय पडला तर नमस्कार करायचा नाही, असा आमच्याकडं नियम होता. कागद उचलायचा, पुसायचा आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचायचं. मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांवर. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांगून फसवलं गेलं, त्यांच्या घरात छापलेल्या शब्दावर केवढा विश्वास असतो, हे ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटं होती त्यांना कळणार नाही. माझ्या लेखी छापलेलं म्हणजे खरं. इतकं साधं होतं ते.

म्हणूनच धाराशिवचं कॉलेज अर्ध्यात सोडून आलो तेव्हा मी लगेच स्वतःचं पत्रक काढलं. आमच्या गावाजवळ दुष्काळात उघडलेली गुरांची छावणी होती, ती एक सहकारी सोसायटी चालवायची. सोसायटीचे चिटणीस शिवाप्पा. पन्नाशीचे, कपाळाला भस्म, बोलायला मऊ, घरात बायकोशी कानडीतून बोलायचे. एका दुपारी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, की छावणीसाठी आलेला पाण्याचा टँकर शिवाप्पांच्या शेतातल्या विहिरीत रिकामा होतोय. कडेला त्यांची चार लिंबाची झाडं हिरवीगार. मला आणखी काय पाहायचं होतं? 'छावणीचं पाणी कुणाच्या विहिरीत?' हे पत्रक मी बार्शीला छापून आणलं आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं चिकटवलं. नाव घातलं नव्हतं, पण नावाची गरज नव्हती. आठवड्याभरात चौकशी लागली, टँकर बंद झाला, शिवाप्पांनी राजीनामा दिला. मी हॉटेलात शिरलो की बोलणं थांबायचं. पारावर बसलो की माणसं एकेक करून उठायची. लोक सत्तेला भितात, असं मी वहीत लिहून ठेवलं. त्या एकटेपणाचा मला थोडा अभिमानही होता, हे आज लिहिताना लाज वाटते.

अण्णांनी ते पत्रक स्टँडवर उभं राहून वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, असं मला कुणीतरी सांगितलं. घरी आले, भाकरी थापल्या, जेवले. त्या दिवसापासून माझ्याशी त्यांचं बोलणं संपलं. "पाणी आलंय." "कंदील पूस." एवढंच. रागावले असते तर मी भांडलो असतो. माझ्याकडं उत्तरं तयार होती. पण त्यांनी प्रश्नच केला नाही.

अशात त्यांच्या फटफटीचा कार्बोरेटर गेला. जुनी टू-स्ट्रोक गाडी, तिसऱ्या हातानं आलेली. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाचं नाक आणि तोंड एकाच जागी. हवा किती आणि पेट्रोल किती आत जायचं, ते तो ठरवतो. त्याच्या आतली सरकती पट्टी झिजून हवा भलतीकडूनच ओढली जाऊ लागली. गाडी उभी असली की आपोआप किंचाळायची आणि चालवली की मरायची. अण्णांच्या हाताखाली सात-आठ छावण्या, त्यात घटसर्पाची लस टोचायची वेळ आलेली. दाटीवाटीनं बांधलेली उपाशी जनावरं. एकाला घटसर्प झाला तर रांगच्या रांग आडवी होते. चार दिवस ते एसटीनं आणि पायी हिंडले. पाचव्या दिवशी जेवताना भिंतीकडं बघतच म्हणाले, "सोलापूरला जाऊन कार्बोरेटर बघून आण. तुला कागदातलं कळतं."

दीड महिन्यातलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं. त्या शेवटच्या तीन शब्दांत टोमणा होता की विश्वास, याचा विचार मी सोलापूरपर्यंत एसटीच्या खिडकीशी बसून केला. एक गोष्ट मात्र मनात पक्की होती. हे काम नीट झालं तर अण्णा बोलतील.

सोलापूरच्या दुकानदारानं काउंटरवर जुना पेपर पसरला आणि दोन कार्बोरेटर मांडले. कंपनीचा अस्सल मिळायला महिने लागणार होते. "हे विलायती," तो एकावर टिचकी मारत म्हणाला. "मोठ्या गाडीवरनं उतरवलेलं. गाडी पळंल, पण पेट्रोल म्हशीगत पिईल. हे दुसरं आपलं लोकल. कामगारांच्या सोसायटीनं बनवलंय. जमलं तर लई बेस. न्हाईतर माझं ऐका, जुन्यालाच नवी पट्टी बसवतो, सहा महिने ढकला."

"याच्याबरोबर माहितीचा कागद आहे?" मी विचारलं.

"कागद?" तो मागं वळून नोकराला म्हणाला, "अरे, पाव्हणं कार्बोरेटर न्यायला आल्यात का पोथी?"

लोकलच्या खोक्यात कागद होता. मराठीत छापलेला. वर कारखान्याच्या सभासदांविषयी दोन ओळी, खाली जुळवणीचे आकडे. कामगारांनी स्वतःच्या मालकीच्या कारखान्यात घडवलेली वस्तू, आणि तिची माहिती आपल्या भाषेत! मी दुसरीकडं पाहिलंही नाही. गाडीला काय लागतं हा विचार मी केला नाही. माझ्या मतांना काय शोभतं ते मी विकत घेतलं.

येरमाळ्याच्या फाट्यावर चाँदभाई मिस्त्री बसायचे. कडुनिंबाखाली एक पेटी, एक पाट, बास. साठीचा माणूस, अक्षरओळख नाही, इंजिन चालू असताना डोळे मिटायची सवय. त्यांनी नवा कार्बोरेटर उघडला, पितळेचा जेट काढून सूर्याकडं धरला. पेट्रोल त्याच्या मधल्या केसाएवढ्या भोकातून वर जातं. भोक जेवढं बारीक तेवढं पेट्रोल कमी.

"जेट बारीक है," ते म्हणाले. "ये गाडीकू प्यास लगेगी. बडा डालता हूँ. और सुई एक खाच ऊपर."

पेट्रोलच्या वाटेत वरखाली सरकणाऱ्या सुईला वरच्या टोकाशी पाच खाचा असतात. चिमटी खालच्या खाचेत बसवली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. माझ्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, चिमटी दुसऱ्या खाचेत, हवेचा स्क्रू दीड फेरा बाहेर. मी तो त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला.

चाँदभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "पढ लिया? अब इंजनकू भी पढके सुनाव."

शेजारी बसलेले दोघं हसले. त्या हसण्यानं मी पेटलो. "चाँदभाई, ज्यांनी बनवलंय त्यांना जास्त कळतं की तुम्हाला?"

"उनकू कार्बोरेटर मालूम. मेरेकू ये गाडी मालूम." त्यांनी जेट परत माझ्या तळहातावर ठेवला. "कागजकू कान नहीं रहते, बाबा. ले जाव."

मी गाडी ढकलत घरी आणली आणि दवाखान्याच्या सावलीत बसून सगळं कागदाबरहुकूम केलं. हवेचा स्क्रू पूर्ण आवळून दीड फेरा उघडला. चिमटी दुसऱ्या खाचेत. किक मारली आणि गाडी अशी चालू झाली, की पूर्वी कधी झाली नव्हती. हलकी, कोरडी टकटक. धूर नाही. दोन दिवस फिरवून मी प्लग उघडला. जुन्या कार्बोरेटरवर तो नेहमी काजळलेला, तेलकट असायचा. आता त्याचं टोक पांढरंशुभ्र होतं, चुन्यानं रंगवल्यासारखं. इतका स्वच्छ प्लग मी पाहिला नव्हता. मी तो अण्णांना नेऊन दाखवला. ते सिरिंज उकळत होते. चष्मा वर करून त्यांनी पाहिलं, काहीतरी बोलणार होते, पण दारात कुणीतरी पिसाळलेल्या कुत्र्याची तक्रार घेऊन आलं. जाताना एवढंच म्हणाले, "आवाज बरा हाय." त्या तीन शब्दांवर मी पुढचे दोन दिवस काढले.

मग धाराशिवहून लस आली. सोनारीच्या अलीकडच्या छावणीत ती त्याच दिवशी पोचवायची होती. थर्मासात बर्फ, बर्फात बाटल्या. थर्मास धरायला कुणीतरी हवं म्हणून अण्णांनी मला मागं बसवलं. त्यांच्या पाठीमागं बसायची वेळ किती वर्षांनी आली होती! त्यांच्या सदऱ्याला फिनेलचा वास यायचा, लहानपणी मला तो आवडायचा. दोन्ही बाजूंची रानं उघडी, काळ्या जमिनीला हात हात खोल भेगा, खडी फोडणाऱ्या बायकांची पालं. मी थर्मास छातीशी धरून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, आता बोलतील, पुढच्या वळणावर बोलतील.

लांब चढ लागला. अण्णांनी मूठ पूर्ण पिळली. इंजिनाचा आवाज बारीक होत गेला, शिट्टीसारखा, मग एकदम काहीतरी आवळलं गेलं आणि मागचं चाक जागच्या जागी जाम झालं. टायर सडकेवर घासत गेला. अण्णांनी क्लच दाबला म्हणून आम्ही पडलो नाही. गाडी थांबली तेव्हा तापलेल्या धातूची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. थर्मास शाबूत होता.

अण्णांनी किक दाबून पाहिली. ती दगडासारखी घट्ट. त्यांनी रुमाल हाताला गुंडाळून प्लग काढला, उन्हात धरला. टोक पांढरं, त्यावर वितळलेले बारीक मणी.

"त्या दिवशीच सांगायला पायजे होतं," ते म्हणाले. "पांढरा प्लग म्हंजे आत जळतंय. पेट्रोल कमी पडतंय, हवा जास्त. टू-स्ट्रोकला पेट्रोलातनंच तेल मिळतं, तेबी कमी पडलं. पिस्टन फुगून धरला."

"कागदावर तसंच लिहिलं होतं, अण्णा."

"व्हय. कागदावर." ते बांधावर बसले. मी उभाच राहिलो. "टँकर विहिरीत सोडताना तू बघितलास. मग शिवाप्पांना इचारलंस का, कशापायी सोडताय म्हणून?"

मी थर्मासचं झाकण आवळलं.

"छावणीचा हौद फुटला होता. पाणी ठिवायला जागा न्हवती. शिवाप्पाची हीर कोरडी पडली होती, तिला तळाला सिमेट हाय. त्यो म्हणला, माझ्या हिरीत सोडा, तिथनं पाइपानं घ्या. पाइप मीच धरून जोडलाय, मिलिंद. त्या हिरीतला घोटभर बी त्यानं घेतला न्हाई. लिंबाची झाडं त्याच्या बायकोच्या मोरीच्या पाण्यावर हायत."

सडक रिकामी होती. "मग लोकांनी मला सांगितलं का नाही?"

"तू माझा पोरगा. माझ्या हातनं त्यांची ढोरं बरी होतेत. माझ्या तोंडावर कोण म्हणणार, तुमचा पोरगा खोटं छापतोय?"

म्हणजे लोक भीत नव्हते. पारावरून उठून जाणारी माणसं मला लाजत होती. मी हे अनेकदा अनेक लोकांसमोर सांगितलं आहे, पण त्या सडकेवर ते पहिल्यांदा कळलं तेव्हा जे झालं ते मला कधी सांगता आलेलं नाही. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट एकट्याला ठाऊक नसणं, यासारखं एकटेपण नाही.

"तुम्ही तरी," मी म्हणालो. "तुम्ही का बोलला नाहीत? दीड महिना!"

अण्णा प्लग रुमालानं पुसत होते. "काय बोलू? छापलेलं खरं असतंय, हे तुला म्याच शिकवलं. तुझ्या कागदापुढं उभा ऱ्हायलो तवा वाटलं, ट्रंकेतलं सगळं पुन्यांदा वाचून बघावं." त्यांनी प्लग माझ्या हातात दिला. "आता दुसरं पत्रक काढू नको. जाऊन तोंडानं सांग. लिहिणं तुला सोपं जातं."

परांड्याची एसटी आली. अण्णांनी सडकेच्या मधोमध उभं राहून ती थांबवली, थर्मास घेतला, चढले. कंडक्टर ओरडला, "डॉक्टरसाहेब, गाडी?" अण्णा म्हणाले, "पर्यवेक्षक. गाडीजवळ माझा पोरगा हाय." दार बंद झालं. लस वेळेवर पोचणार होती, एवढं एक बरं झालं.

मी त्या चढावर तीन-साडेतीन तास होतो. सावली नव्हती. इंजिनानं पकड सोडेपर्यंत थांबायचं, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. खिशात कार्बोरेटरचा कागद होता, तो काढून मी पुन्हा वाचला, कारण वाचण्याशिवाय मला वेळ घालवता येत नसे. आकड्यांच्या खाली, घडीवर, एक ओळ होती. वरील जुळवणी सर्वसाधारण असून इंजिनानुसार अंतिम जुळवणी जाणकार मिस्त्रीकडून करून घ्यावी. कागद खोटं बोलला नव्हता. मी तो माझ्या सोयीपुरता वाचला होता. ओळ घडीत गेली होती, असं स्वतःला सांगायचा प्रयत्न मी तिथं केला आणि तिथंच सोडून दिला.

ऊन कलल्यावर किक सुटली. मी हवेचा स्क्रू थोडा आवळला, चोक अर्धा ओढून ठेवला आणि बैलाच्या चालीनं गाडी फाट्यावर आणली. चाँदभाईंनी लांबूनच आवाज ऐकला होता. काही न विचारता त्यांनी हेड उघडलं, पिस्टनवरचे ओरखडे पॉलिश पेपरनं घासले, रिंगा बदलल्या. तपकिरीच्या डबीत त्यांचे जेट असत. त्यावर आकडे होते, पण ते बोटाच्या टोकावर धरून, डोळ्यांजवळ नेऊन निवडायचे. एक बसवला. सुई एक खाच वर. मग मला म्हणाले, "आँख बंद. बोल, आवाज कब गोल होता."

मी डोळे मिटले. ते स्क्रू तसूतसूनं फिरवत होते. आवाज फाटका, मग दाटलेला, मग गुळगुळीत, मग पुन्हा फाटका. "आता," मी म्हणालो. "नहीं, गया," ते म्हणाले आणि मागं फिरवलं. असं आठ-दहा वेळा झालं. एकदा मी काहीच बोललो नाही, कारण आवाजात बोट घालायला जागा राहिली नव्हती. "हाँ," चाँदभाई म्हणाले. "अब सुना."

त्यांनी मला चढावर पाठवलं. पूर्ण वेगात असताना क्लच दाबून इंजिन बंद करायचं, तसंच ढकलत बाजूला घेऊन प्लग उघडायचा. तिसऱ्या जेटवर टोकाचा रंग बरोबर आला, तांबूस तपकिरी. "मिलोकी रोटी," चाँदभाई म्हणाले. "इससे गोरा नहीं, इससे काला नहीं." मी त्यांची माफी मागायला लागलो तर म्हणाले, "मेरेकू क्या हुआ? मेरा तो काम बढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिवाप्पांच्या घरी गेलो. ते अंगणात पायरीवर बसून दावं वळत होते. बायको ज्वारी निवडत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं. विहीर, हौद, पाइप, मी न विचारलेला प्रश्न. वाक्यं रात्रभर घोकली होती, तरी मोडून आली. शिवाप्पांचे हात चालूच होते. मी थांबलो तेव्हा म्हणाले, "कागद हाय का तुझ्याकडं?"

माझ्या पिशवीत कायम एक असायचा. मला वाटलं, फाडतील.

"हिला वाचून दाखव. हिला वाचता येत न्हाई. नळावरच्या बाया हिला नुसतं म्हणतेत, तुझ्या नवऱ्याचं छापून आलंय. काय आलंय ते कुणी सांगत न्हाई, आन माझ्या तोंडानं मला वाचवंना."

"शिवाप्पा, ते नको."

"तूच लिहिलंस. वाच."

मी वाचलं. असली शिक्षा मला कुठल्याही न्यायालयानं दिली नसती. तहानलेल्या गुरांचे डोळे, रात्री हंबरणारी छावणी, गरिबाच्या पाण्यावर हिरवी होणारी झाडं, माणसाच्या वेशातला बगळा. वाक्यं जोरदार होती. स्वतःच्या आवाजात ती ऐकताना, हे शब्द लिहिताना आपल्याला किती मजा आली होती, ते मला आठवत होतं. त्या बाईचे हात सुपातच थांबले. गुरांच्या डोळ्यांपाशी तिनं पदर तोंडाला लावला. शेवटपर्यंत तिनं नजर माझ्यावरून काढली नाही.

वाचून झालं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"लई चांगलं लिवलंयस रं," ती म्हणाली. "ढोरांचं ऐकून पोटात तुटलं. आन त्यो बगळ्यासारखा माणूस... असतेत बाबा असले." मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं. "पर ह्यात आमचे मालक कुठं हायत?"

शिवाप्पांनी दाव्याची गाठ आवळली, मान वर केली नाही.

"नाहीत, काकू," मी म्हणालो. "ह्यात ते कुठंच नाहीत."